मधुमेहाचे दप्तर : स्वतःच्या आरोग्यनोंदींची मांडणी

आपल्या शाळेच्या मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनगृहाच्या ओट्यावर चहाचे दोन थर्मास ठेवले होते, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा आधी रिकामा झाला. ज्या मुलांना आम्ही एकेकाळी सायंकाळच्या रांगेत मुठीमुठीने गूळ-शेंगदाणे वाटले, ती मुले आज चाळिशी ओलांडून कुणी सेनगावला ग्रामसेवक, कुणी वसमतला हळदीच्या व्यापारात, तर कुणी पुण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला आहेत. त्यांपैकी कितीजणांच्या खिशात साखरेच्या गोळ्यांची पाकिटे आहेत, हे त्या दिवशी थर्मासने सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यामुळे स्मरणिकेसाठी अभ्यासलेख मागितला गेला तेव्हा निजामकालीन हिंगोलीच्या छावणीवरील आमचे जुने टिपण बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला.

आम्हांला मधुमेह असल्याचे नऊ वर्षांपूर्वी कळले. पुढे नांदेडच्या एका डॉक्टरांकडे आम्ही प्लॅस्टिकची पिशवी भरून कागद घेऊन गेलो. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ही गोळी केव्हापासून चालू आहे? गेल्या वर्षी क्रिएटिनिन किती होते? साखर कधी एकदम उतरते का? पानिपतची १४ जानेवारी १७६१ आणि चवदार तळ्याची २० मार्च १९२७ ही तारीख झोपेतूनही सांगणारे आम्ही, तीनही प्रश्नांना निरुत्तर झालो. पिशवीत कागद पुष्कळ होते. पण काहींवर तारीख नव्हती, काहींवर नाव चुकले होते, आणि औष्णिक कागदावर छापलेल्या पावत्या तर उन्हाळ्यात उडून कोऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, कागद आणलेत, इतिहास आणला नाही." इतिहासाच्या शिक्षकाला याहून मर्मी लागणारे वाक्य नसेल.

नोंदीचे महत्त्व आम्हांला खरे म्हणजे एका चरित्रानेच आधी शिकवायला हवे होते. बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधानाच्या मसुद्याचे काम शिखरावर असताना, १९४८च्या सुमारास, पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप येत नसे. उपचारांसाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे आले, तेथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला आणि पथ्य, इन्सुलिन व विश्रांती यांची जबाबदारी माईसाहेबांकडे आली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला त्यांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. ते भाषण वाचताना मागे उभा असलेला हा आजार आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्याची तारीखवार नोंद कधी वाचलेली नसते. ६ डिसेंबर १९५६ नंतर मृत्यूविषयी संशय उठले, चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही कुजबुज दशकानुदशके चालू राहिली. आम्ही वाचलेल्या चरित्रांत औषधांचे व वेदनांचे उल्लेख जागोजागी आहेत, पण महिन्यामहिन्यांचा एखादा तक्ता असता तर निदान काही तर्कटांची तोंडे बंद झाली असती, असे आमचे मत आहे.

अर्थात त्या काळी घरी मोजता येई ते फार थोडे. लघवीचे काही थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून उकळायचे. साखर नसेल तर निळा रंग तसाच राही, असेल तर हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी होई. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे ही चाचणी काही तासांपूर्वीची गोष्ट सांगे आणि साखर धोकादायक उतरली तर काहीच सांगत नसे. रक्त मोजणारी यंत्रे १९७०च्या आसपास निघाली, तीही दवाखान्यांपुरती. अमेरिकेतील रिचर्ड बर्नस्टीन हा अभियंता स्वतः लहानपणापासून मधुमेही होता. यंत्र केवळ डॉक्टरांनाच विकले जाई. त्याची पत्नी डॉक्टर असल्याने तिच्या नावावर त्याने ते मिळवले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःची साखर मोजून लिहू लागला. रुग्णाने स्वतःचे दप्तर स्वतः ठेवण्याची ही वाट अशी पडली. आज तसे यंत्र हिंगोलीच्या कोणत्याही औषध दुकानात मिळते. यंत्र आले, दप्तर मात्र आले नाही.

आता मुख्य विषय. डेटाबेस या शब्दाने दबून जाण्याचे कारण नाही. आपल्या शाळेच्या कार्यालयात तो पहिल्या दिवसापासून आहे. दाखल-खारीज रजिस्टर आठवा. त्यात प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळतो. नाव, जन्मतारीख, जन्मगाव हे तेथे एकदाच लिहिले जाते. हजेरीच्या कॅटलॉगात, गुणपत्रकात, वसतिगृहाच्या वहीत ही माहिती पुन्हा लिहायची गरज नसते. रजिस्टर क्रमांक टाकला की पुरे. एकाच वर्गात एकाच नावाची तीन मुले असतात, हे ज्याने हजेरी घेतली त्याला ठाऊक आहे. क्रमांक त्यासाठीच असतो. १९७० साली आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी संगणकासाठी जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि दुसऱ्या जागी तिची खूण ठेवा.

आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला. संगणकावर एक लांबलचक तक्ता केला: दिवसाला एक ओळ, रकाने उपाशीपोटी साखर, जेवणानंतरची साखर, गोळी, वजन, शेरा. आठ दिवसांत त्याचे दोष उघडे पडले. एके दिवशी पाच वेळा साखर मोजली, तर दोनच रकाने. वजन आठवड्यातून एकदा होई, म्हणून सहा जागा रिकाम्या. औषधाचे नाव रोज लिहायचे, आणि एकदा स्पेलिंग चुकले की संगणकाच्या लेखी ते नवे औषध! मूत्रपिंडाचा अहवाल आला, त्याला रकानाच नव्हता, तो जोडला, मग डोळ्यांचा, मग कोलेस्टेरॉलचा. तक्ता उजवीकडे एवढा वाढला की पाहण्यासाठी मान वळवावी लागे.

म्हणून तो मोडून आम्ही स्वतंत्र तक्ते केले. पहिला व्यक्तींचा: क्रमांक, नाव, जन्मतारीख, उंची, निदानाचे वर्ष. आमच्या घरात आम्ही आणि आमच्या पत्नी असे दोन मधुमेही, म्हणून तेथे दोन ओळी. दुसरा साखरेच्या नोंदींचा, आणि हा सर्वांचा कणा. त्यात एका ओळीत एकच मोजणी. व्यक्तीचा क्रमांक, तारीख, वेळ, आकडा, प्रसंग आणि साधन. प्रसंग म्हणजे उपाशीपोटी, जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, झोपण्यापूर्वी, की अस्वस्थ वाटले म्हणून. साधन म्हणजे घरचे यंत्र की प्रयोगशाळा. प्रसंगाविना लिहिलेला १६० हा आकडा निरर्थक आहे. सकाळी उपाशीपोटी तो चिंतेचा, तर जेवणानंतर बहुतेकांना चालण्यासारखा.

तिसरा तक्ता औषधांचा. यात नाव आणि मात्रा यांच्याबरोबर 'पासून' आणि 'पर्यंत' हे दोन रकाने अत्यावश्यक आहेत. डॉक्टरांनी मात्रा बदलली की जुनी ओळ पुसून नवी लिहिण्याचा मोह होतो. तसे करू नये. जुन्या ओळीत 'पर्यंत'ची तारीख भरावी आणि खाली नवी ओळ उघडावी. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, हे आपले मुख्याध्यापक जितक्या कडकपणे सांगत, तितक्याच कडकपणे हे पाळावे. नांदेडच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न या एका तक्त्याने सुटतो.

प्रयोगशाळेच्या अहवालांसाठी आम्ही प्रत्येक चाचणीला रकाना न देता प्रत्येक चाचणीला ओळ दिली: तारीख, चाचणीचे नाव, आकडा, एकक. उद्या नवी चाचणी आली तरी तक्ता मोडावा लागत नाही. त्यात क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन आणि एचबीएवनसी यांच्या ओळी वर्षानुवर्षे एकाखाली एक आल्या की मूत्रपिंड हळूहळू खचते आहे का, हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या एका सहकारी शिक्षकांचे क्रिएटिनिन चार वर्षांत चढत गेले होते. चारही अहवाल त्यांच्या घरात होते, चार वेगवेगळ्या फायलींत. प्रत्येक वेळी आकडा 'जरासाच जास्त' वाटला. ते आज आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. हा लेख लिहिण्याचे अर्धे कारण ते आहेत. पायांची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हेही याच तक्त्यात बसते.

वजनाच्या तक्त्यात कंबरेचा घेर हवाच. याचे कारण आपल्याच राज्यात सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. जन्मतः कमी वजनाची, किडकिडीत दिसणारी बाळेही चरबीच्या बाबतीत तितकी किडकिडीत नसतात, असे त्यांत आढळले. २००४ साली त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक नसतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की सावध व्हावे. शिंप्याची टेप पुरते.

पिढ्यान्पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाने हे संशोधन विशेष लक्ष देऊन वाचावे. येथे एक अवांतर. आमचे आजोबा गावशिवाराच्या तंट्यात साक्षीला बोलावले जात. बांध कुठे होता, शिवेचा दगड कुठला, हे महारांना तोंडपाठ असे आणि त्यांची साक्ष ग्राह्य धरली जाई. पण ती साक्ष लिहिली जाई पटवाऱ्याच्या दप्तरात, आणि ते दप्तर आजोबांना उघडता येत नसे. स्वतःविषयीची नोंद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वहीत लिहिताना आम्हांला अजूनही आजोबा आठवतात.

असो. इतिहासात कागद सापडला की आपण आधी विचारतो, लिहिणारा कोण, केव्हा लिहिले, का लिहिले? साखरेच्या आकड्यालाही हेच विचारावे. आंबा खाल्लेले बोट न धुता टोचले तर यंत्र खोटी वाढ दाखवते. बॅटरी बदलल्यावर काही यंत्रांचे घड्याळ मागे जाते आणि रात्रीची नोंद सकाळची होऊन बसते. आमचे दोन आठवडे असे वाया गेले. घरच्या यंत्रांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक १०० मिलिग्रॅमच्या वर १५ टक्के इकडेतिकडे मान्य करतो, म्हणून काल १४२ आणि आज १५० यात काही बिघडलेले नाही. त्यावरून पत्नीशी भाताच्या वाटीबद्दल वाद घालू नये. (आम्ही घातला.) यंत्र कधी आकडा न देता 'हाय' किंवा 'लो' एवढेच दाखवते. ते यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर गेल्याचे चिन्ह आहे; तेथे मनाने आकडा भरू नये, वेगळ्या रकान्यात तसेच लिहावे, आणि आधी डॉक्टरांना फोन करावा. मोजले नाही तेथे जागा रिकामी ठेवावी. शून्य लिहू नये. शून्य ही मोजणी आहे, रिकामी जागा म्हणजे मौन.

तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम धरावा, म्हणजे संगणक त्या नीट लावतो; ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा घोळ राहत नाही. इंग्लंडमध्ये असलेल्या माजी विद्यार्थ्यांचे आकडे ७.८ असे येतात, कारण तेथे एकक वेगळे आहे. त्याला १८ने गुणले की आपले १४० येतात. एकक लिहिले नसेल तर बाप-लेकाच्या नोंदी एकत्र करता येत नाहीत.

शेवटचा तक्ता आम्ही केवळ हौसेने केला, आणि त्यानेच आमचा जीव वाचवला असे म्हणायला हरकत नाही. तो प्रसंगांचा तक्ता: तारीख आणि त्या दिवशी काय वेगळे घडले. ताप, लग्न, प्रवास, निवडणुकीची ड्यूटी. सुरुवातीला आम्ही तेथे मनाला येईल ते लिहीत होतो: कधी 'पौर्णिमा', कधी 'पौ.', कधी 'उपोसथ', कधी 'अष्टशील'. माणसाला हे चारही एकच. संगणकाला चार निराळे. संगणक शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांनी तेथे ठरावीक पर्यायांची यादी बसवून दिली. लिहायचे नाही, निवडायचे.

वर्षअखेरीस त्यांनीच एक विचारणा चालवली: साखर ७०च्या खाली गेलेल्या सर्व नोंदी दाखव, आणि त्या तारखेला कोणता प्रसंग होता तोही शेजारी दाखव. चार ओळी आल्या. एक जुलैतील, एक ऑगस्टमधील, एक सप्टेंबरमधील, एक डिसेंबरमधील. इंग्रजी तारखांकडे पाहून त्यांत काही नाते दिसत नव्हते. शेजारच्या रकान्यात मात्र पहिल्या तिन्हींपुढे एकच शब्द होता: उपोसथ. वर्षावासात पौर्णिमेला आम्ही अष्टशील धारण करतो आणि मध्यान्हानंतर अन्न घेत नाही. गोळी मात्र सवयीने रात्री घेत होतो. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. पोटात अन्न नसले तरी ती आपले काम करतेच. रात्री साडेअकराला घाम फुटे, छाती धडधडे. त्यांतील एका नोंदीचा आकडा ५८ आहे. प्रत्येक वेळी आम्ही त्याला वेगळे कारण दिले होते: उकाडा, दगदग, विहारातील गर्दी. आणि त्याच काळातील एचबीएवनसी ७.१ होते, डॉक्टरांनी शाबासकी दिली होती. ती चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५८ आणि २४२ यांची सरासरी १५० येते, आणि १५० पाहून सगळेच निश्चिंत होतात. (वाशीम-यवतमाळला लागून असलेल्या आपल्या भागात सिकलसेल आढळतो, तो असणाऱ्यांत ही चाचणी मुळातच फसवी ठरू शकते, हेही व्यक्तींच्या तक्त्यात नोंदवून ठेवावे.)

आम्ही त्या चार ओळींचा छापील कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी उपोसथाच्या दिवसासाठी औषध कसे घ्यायचे ते वेगळे लिहून दिले. प्रत्येकाचे औषध निराळे असल्याने आमची मात्रा आम्ही येथे देत नाही. भन्तेजींनाही विचारले. ते हसून म्हणाले, "गुरुजी, विनय वाचला नाही का? आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवी-गूळ, विकाली घेण्याची मुभा तथागतांनीच दिली आहे." साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, असे आजचे वैद्यक सांगते. मधाची बाटली आता पौर्णिमेला आमच्या उशाशी असते.

या दप्तराच्या गुप्ततेविषयी थोडे. नोंदी ज्याच्या, मालकी त्याची. आपल्या वसतिगृहात इन्सुलिन घेणारी मुलगी असेल तर तिची वही अधीक्षकांच्या कुलपात असावी, फलकावर नव्हे. लग्नाच्या वयात आलेल्या मुलीचा आजार लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत आणि त्यांच्या भीतीला आम्ही हसत नाही. मोबाइलमधील फुकट ॲपमध्ये सर्व भरण्यापूर्वी ती माहिती कुठे साठते हे विचारावे, आणि ती आपल्याला परत काढून घेता येते का तेही पाहावे. येत नसेल तर साधी वही बरी. आमचा डेटाबेस शाळेतील संगणकावर चालतो त्याच लिबरऑफिस या विनामूल्य संचात आहे. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि महत्त्वाच्या ओळींची छापील प्रत कपाटात. औष्णिक कागदावरील अहवालाची आम्ही त्याच दिवशी झेरॉक्स काढतो.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी दोनशे पानी वही घेऊन तिचे सहा भाग करावेत. आखणीचा नमुना आम्ही शाळेच्या ग्रंथालयात ठेवला आहे. मेळाव्याला येणाऱ्या कोणालाही तो उतरवून घेता येईल. पहिल्या पानावर स्वतःचे नाव आणि क्रमांक १ लिहावा, नवरा किंवा बायको यांना क्रमांक २ द्यावा, आणि पिशवीतले जुने कागद तारखेप्रमाणे लावून औषधांच्या तक्त्यापासून सुरुवात करावी. आम्हांला त्या कामाला दिवाळीच्या सुट्टीतील तीन दुपारी लागल्या. एका कागदावरील तारीख अजूनही लागलेली नाही. ती जागा रिकामी आहे.